ओला टॉवेल

ओला टॉवेल पलंगावर. टूथपेस्टचं झाकण गायब. हीटर चालू आणि खिडकी सताड उघडी. सासूबाईंना न केलेला फोन.

लग्न करून ती या परक्या देशात आली, आणि आज तिच्या कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी दोघांची मुलाखत होती. हे लग्न खरं आहे असं मुलाखत घेणाऱ्या साहेबांना पटलं नाही, तर तिला एकटीलाच बॅगा भरून माहेरी परतावं लागणार होतं.

"नवरा घरात हातभार लावतो का?" साहेबांनी विचारलं.

ती नवऱ्याकडे वळली आणि तिच्या तोंडाचा पट्टा मराठीतच सुटला. "हातभार? ओला टॉवेल पलंगावर कोण फेकतं रे रोज?"

"आणि माझ्या आईला एक फोन करायला तुझ्या जिवावर येतं, ते सांग की!"

"आईला मध्ये आणू नकोस हं!"

साहेबांना शब्द कळले नाहीत, पण सूर बरोबर कळला. "माझ्याही घरी हेच," म्हणत त्यांनी हसून शिक्का मारला.

 

मागच्या खेपेला याच साहेबांनी 'इतकं गोड बोलणारं जोडपं खरं नसतं' म्हणून त्यांना पुन्हा मुलाखतीला या म्हणत घरी पाठवलं होतं, आणि तेव्हापासून दोघं रोज जेवण झाल्यावर, हसू दाबत, भांडायला शिकत होती.