काळा मणी

अंजूरच्या गोदामातून पिंपांनी भरलेला कंटेनर परदेशी निघायला फक्त निर्यातीचे कागद तपासणाऱ्या सरलाची सही हवी होती. पिंपांतलं रसायन सुती कापडाच्या छपाईला लागतं आणि त्यातूनच माणसं मारणारा वायूही बनतो. म्हणून परदेशी गिऱ्हाइकाने रसायन कशाला वापरणार याच्या दाखल्याला स्वतःच्या मिलच्या सुती कापडाचा तुकडा जोडला होता. "पेपर क्लिअर आहेत, कर सही," शेठ म्हणाले. बापाच्या लूमवर वाढलेल्या सरलाने तुकड्यातला धागा ओढून गेटबाहेर, शेठसमोर त्याला काडी लावली. सुताची राख होते. हा धागा वितळला, टोकाला काळा, टणक मणी झाला. "शेठ, हे पॉलिस्टर हाय. मग यांना आपलं रसायन कशाला पायजे?" "एका धाग्यावर कंटेनर अडवणार? दुसऱ्याची सही घेतो." "घ्या." तिने फॉर्मवर 'नामंजूर' लिहिलं, कारणाच्या रकान्यात मणी चिकटवला आणि काडेपेटी शेठच्या हातात ठेवली. "सही करणाऱ्याला आधी धागा जाळायला लावा."