उरलेली धावपट्टी

चुना फासलेला दगड. शेवंताचं हसू. लढाईतल्या जुन्या धावपट्टीला मधोमध कापणारी असोदा गावाकडे जाणारी गाडीवाट.

वैमानिक जीवराम त्या वाटेपासूनच विमान सोडायचा. तिथून टोकाच्या दगडापर्यंत किती धावपट्टी उरते, ते मोजून नकाशावर लिहिणं भाईदासचं काम. शेवंता जीवरामकडे बघून हसली, त्या दिवशी भाईदासने आकडा मुद्दाम वाढवून लिहिला.

जीवरामने नकाशा पाहिला. "एवढी पुरते, भाऊ. आज शेवंताला वरून हात दाखवतो."

"दाखव की. बठ्ठी पट्टी मोकळी शे, पार दगडापर्यंत."

विमान सुटलं. दगड जवळ आला आणि लिहिलेल्या आकड्याला जागा करून देत आणखी लांब सरकला. त्याच्यामागची केळीची बागही सरकली. विमान वर न उठता धावतच राहिलं, दिसेनासं झालं, तरी चाकांची घरघर जमिनीतून भाईदासच्या पायांत येत राहिली.

शेवंताने भाईदासला नकार दिला, तेव्हा जीवराम जळगावात आलाही नव्हता.