कॅमेऱ्यावरची माळ

मंडळी, कीर्तन सुरू व्हायच्या आधी थोडं जवळ सरा, आमच्या साखर कारखान्यातली एक गोष्ट सांगतो.

गळीत हंगाम सुरू करणाऱ्या मोळीपूजनाच्या सकाळी मी ऊस सुऱ्यांकडे ओढून नेणाऱ्या गव्हाणीवरच्या जुन्या कॅमेऱ्याची वायर चित्र वर पाठवणाऱ्या नव्या एन्कोडरच्या पेटीला जोडली, आणि वरच्या खोलीत पडद्यावर चित्र उमटलं.

"आता गव्हाणीत माणूस पडला तरी इथनं दिसेल. लगेच बंद करीन," तिथं गव्हाणीच्या बटणापाशी बसणारे धोंडीअण्णा म्हणाले.

मला भरून आलं. पेटीला हळदकुंकू वाहिलं, कॅमेऱ्याला झेंडूची माळ घातली.

"वायरमनबुवा, आता आरतीपण म्हणा की!" खाली ऊस सारणारा शिदू हसला.

दुपारी वाऱ्यानं माळ काचेवर सरकली. ती काढायला अण्णा जिना उतरत होते, तेवढ्यात शिदू पाय घसरून गव्हाणीत पडला. पडद्यावर नुसता झेंडू, बटणापाशी कुणी नाही. गव्हाण चालूच राहिली.

कीर्तनात देवाचं नाव घ्याल, तेव्हा शिदूचंही घ्या. माझं घेऊ नका.