युवा नेत्याचा चष्मा

“जो वाचत न्हाई, त्यानं मत मागू नये!” परतूरच्या वाचनालयात धर्मराजभाऊ गरजले. निवडणूक तोंडावर होती, म्हणून फोटोसाठी हातात जाकिटाला शोभणारा जाडजूड ग्रंथ होता. ग्रंथपाल दैवशालाबाई म्हणाल्या, “भाऊ, एक पान वाचून दाखवा की!” भाऊंनी ग्रंथ उघडला. वय साठ, पण बॅनरवर ‘युवा नेते’. त्यामुळं चष्मा घरीच ठेवलेला. अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. गर्दीत कुजबुज सुरू झाली. तेव्हा बाईंनी आपला जांभळा चष्मा पुढं केला. भाऊंनी तो नाकावर चढवून वाचायला सुरुवात केली. गोष्ट पळालेल्या बकरीची होती. पहिल्या पानाला भाऊ हसले, दुसऱ्याला अख्खं वाचनालय. “भाऊ, मंठ्याला सभा हाय, चला,” कार्यकर्ता म्हणाला. “थांब रे, बकरी सापडू दे!” मग भाऊंनी बाईंना हळूच विचारलं, “ताई, पुस्तकासोबत चष्माबी आठवडाभर मिळतो का?”