गुरुजींचं बोट

गुरुजींच्या मनगटातून मी चौथी नळी आत सरकवली. अर्धा तास झाला, तरी हृदयाची उजवी रक्तवाहिनी सापडेना. ते काही बोलू लागले. "बोलायचं नाही," मी दरडावलं आणि सिस्टरवर खेकसलो, "भलतीच नळी दिलीत!"

शेवटी टेबलावरच्या गुरुजींनी वर्गातल्या मुलासारखं मोकळ्या हाताचं बोट वर केलं.

"साहेब, माझी ती नस डावीकडूनच निघते. मागच्या अँजिओग्राफीत दिसलं होतं. सकाळी सीडी दिली, तर तुम्ही म्हणालात, गरज नाही."

डावीकडे ती पाच मिनिटांत सापडली. स्टेंट बसला.

बाहेर त्यांच्या पत्नीनं विचारलं, "एवढा वेळ का लागला हो?"

"माझीच नस आडवाटेची. डॉक्टर तरी काय करणार?" स्ट्रेचरवरून गुरुजी म्हणाले.

आणि सिस्टरच्या देखत मी मान डोलावली.