कपाटापलीकडचा बाण

“सेल कालच बदललेत, ताई. सेलचं नाव काढू नका,” थोरला म्हणाला.

दुरुस्तीवालीने तरीही सेल तपासले. गिऱ्हाइकाच्या शब्दावर विसंबणाऱ्याने हा धंदा करू नये, असं तिचं ठाम मत होतं. सेल चांगले होते. तिने माऊसच्या पोटाखालचं भिंग पुसलं, टेबलाच्या काचेवर कागद अंथरला, संगणकाच्या पाठीमागचा, माऊसचा इशारा पकडणारा नखाएवढा रिसीव्हर उपटून पुढच्या बाजूला खोचला. त्याला लागलेला पिवळा रंग तिच्या बोटांवर आला, तो तिने ओढणीला पुसला. दुकान पाट्या रंगवणाऱ्यांचं, रंग असायचाच. पडद्यावरचा बाण मात्र ढिम्म हलेना.

तिला त्याची फिकीर नव्हती. बिनतारी माऊस म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. बारा वर्षांत एकाही माऊसपुढे तिने हात टेकले नव्हते.

“मी हलवला तर हलत नाही आणि हात काढला की आपणहून पळत सुटतो,” थोरला म्हणाला. “भूत शिरलंय यात!”

“भुतांना काय तेवढंच काम आहे?”

दुकानाच्या मधोमध एक उंच लोखंडी कपाट भिंतीसारखं उभं केलेलं होतं. अलीकडे थोरला भाऊ, पलीकडे धाकटा, दोघांचे संगणक वेगळे. तीन महिन्यांपूर्वी भांडण झालं आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. काही सांगायचं तर आईमार्फत. उद्या यंत्रांची वाटणी होणार होती. वडिलांनी हाताने रंगवलेली दुकानाची पाटी कोणाकडे जाणार, यावर घोडं अडलं होतं. आई दारापाशी बसून एका फळीची कड रंगवत होती.

दुरुस्तीवालीने माऊस पुन्हा गरागरा फिरवला.

“आई! माझा बाण पळाला बघ परत!” पलीकडून धाकटा ओरडला.

तिने हात थांबवला. पलीकडे शांत. पुन्हा फिरवला.

“आई, वैताग आला गं या माऊसचा!”

तिला हसू फुटलं. एकाच खोक्यातून आलेले दोन सारखे माऊस आणि त्यांच्या रिसीव्हरांची अदलाबदल! एकाने दुसऱ्याला नुसतं विचारलं असतं, तरी मिनिटात उलगडा झाला असता. मग तिला थोडा रागही आला.

“माऊस ठणठणीत आहे,” ती पिशवीची चेन ओढत म्हणाली. “तुमचा रिसीव्हर भावाकडे गेलाय, त्याचा तुमच्याकडे. मागून घ्या.”

“तुम्हीच आणा ना तेवढा.”

“मी माऊस दुरुस्त करते, दादा. निरोप पोचवत नाही.”

थोरल्याने सवयीने दाराकडे मान वळवली. “आई, त्याला सांग जरा...”

“रंगाचं काम चाललंय माझं,” आईने वर पाहिलंही नाही.

थोरल्याने घसा खाकरला, समोरचा रिसीव्हर उपटला आणि मुठीत धरून कपाटापाशी गेला.

“अरे... माझा रिसीव्हर तुझ्याकडे आलाय म्हणे.”

पलीकडे खुर्ची सरकली. कपाटावरून एक हात आला.

“घे, दादा. आणि माझा दे इकडे.” थोडं थांबून तोच आवाज म्हणाला, “तीन दिवस मला वाटत होतं, मीच वेडा झालोय.”

“मग मी काय शहाणा होतो?” थोरला म्हणाला आणि दोघेही हसले.

दुरुस्तीवाली दाराशी आली. फळीची कड पिवळीधमक झाली होती. आईच्या दोन बोटांची टोकंही पिवळीच होती. तिने ओढणीचं टोक आईपुढे धरलं.

“मावशी, हा डाग निघेल ना?”

आईने डागाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

“निघेल गं, रॉकेलने. तीन दिवस वाट पाहिली, दोघांतला एक तरी आधी बोलेल म्हणून. शेवटी तुला फोन केला.”