बोटाची सावली

फोर्तुनातोने दगड उन्हात धरला आणि त्याला घाम फुटला. उजेडाचा ठिपकासुद्धा पलीकडून येईना. चौथीचा सगळा वर्ग शाळेच्या अंगणात उभा राहून बघत होता.

"झोपलाय वाटतं तुमचा दगड!" मागून एक पोरगं ओरडलं. सगळे खिदळले. फोर्तुनातोची लेक एदेल्मिरा मान खाली घालून उभी होती.

परीक्षेत सोराइदाबाईंनी विचारलं होतं, दगडातून उजेड जातो का? अख्ख्या वर्गात हिने एकटीने लिहिलं, जातो. दगड कोरणाऱ्याचीच पोर ती. त्यांच्या आयाकुचो गावचा पांढरा दगड पाळण्यात असल्यापासून पाहिलेला. बाईंनी शून्य दिलं आणि पोरांनी तिचं नाव थापाडी ठेवलं. म्हणून फोर्तुनातो हाताला लागला तो दगड उचलून तावातावाने आला होता. अंगठ्याएवढी जाडी बघायचं भानच राहिलं नाही. लेकीला आपणच तोंडघशी पाडलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"जाऊ द्या हो," बाई म्हणाल्या. "दगड तो दगडच."

"थांबा जरा, बाई."

तो पायरीवर बसला आणि अ‍ॅप्रनच्या खिशातून कानस काढली. मधली सुट्टी झाली, संपली. पोरं मक्याचे भाजलेले दाणे चघळत त्याच्याभोवती बसली. वर्गात जायचं नाव कुणी घेईना, बाईंनीही घेतलं नाही. दगड मऊ होता. जरा घाई झाली असती तर तुकडेच. मधूनमधून तो दगडामागे बोट धरून बघायचा. बोटाची सावली दिसली की दगड पुरेसा पातळ झाला, ही कारागिरांची रीत. सावली काही दिसेना.

अखेर दगड बशीइतका पातळ झाला. फोर्तुनातोने तो लेकीच्या हातात दिला. तिने उन्हात धरला, तसा तो मधासारखा उजळला आणि त्यात तिच्या बोटाची सावली उमटली. फोर्तुनातोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आण तुझा पेपर," बाई म्हणाल्या. "शून्य खोडते."

"नको, बाई," एदेल्मिरा म्हणाली. "सकाळी ह्याच दगडातून उजेड जात नव्हता ना? तेव्हा तुमचं बरोबर होतं. आता माझं आहे."

बाईंनी दगड हातात घेऊन पुन्हा उन्हात धरला. मग त्यांनी स्वतःच तिचा पेपर आणला, लाल पेन उघडलं आणि पेपरावरच्या आपल्याच प्रश्नावर फुली मारली.